कानाशी वाजणारी उंची

पुण्याच्या स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी नोव्हेंबर 2023 मध्ये एव्हरेस्टसमोर हेलिकॉप्टरमधून उडी घेतली, ती 21,500 फुटांवरून. आकडा ऐकून छाती दडपते. पण त्या उतरल्या कालापत्थरला, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसतरा हजार फुटांवर. म्हणजे उडीच्या क्षणी जमीन अवघी चार हजार फूट खाली होती. हवेत असलेल्या माणसाचा जीव अवलंबून असतो तो या दुसऱ्या आकड्यावर, आणि तो सांगतो अल्टिमीटर.

हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकडा गावात मात्र स्कायडायव्हिंग दिसतं ते मोबाइलवरच. व्हिडिओत वाऱ्याच्या घोंगावण्यातून मध्येच टीट-टीट असा तीक्ष्ण आवाज येतो आणि पुढच्या काही सेकंदांत पॅराशूट उघडतं. पाहणाऱ्याला वाटतं, यंत्राने सांगितलं आणि माणसाने उघडलं. हा आवाज ऑडिबल अल्टिमीटरचा. ते काय करतं, काय करत नाही आणि मुळात ते लावायचं कुठे, याबद्दल हौशी मंडळींमध्ये चुकीच्या कल्पना बऱ्याच आहेत. त्यातल्या काही जिवावर बेतू शकतात.

आधी वेळेचा हिशेब पाहू. पोट जमिनीकडे करून पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी सुमारे 190 ते 200 किलोमीटरवर स्थिरावतो. पहिल्या हजार फुटांना दहाएक सेकंद लागतात, पण वेग आल्यावर पुढचा प्रत्येक हजार फूट साडेपाच सेकंदांत संपतो. 13,000 फुटांवरून निघालेला माणूस पन्नासेक सेकंदांत 5,000 फुटांवर येतो. तेवढ्या वेळात सोबत्यांचे हात धरायचे, आकृती जमवायची, पुन्हा वेगळं व्हायचं. या धांदलीत मनगटाकडे बघायचं राहून जाऊ शकतं, आणि त्यासाठीच कानाशी वाजणारं हे यंत्र आलं.

सगळ्यात पसरलेला गैरसमज असा की ऑडिबल कुठेही लावलं तरी चालतं: छातीच्या पट्ट्याला, जंपसूटच्या खिशात, नाहीतर हेल्मेटच्या बाहेरून चिकटवून. वस्तुस्थिती अशी की त्याची खरी जागा एकच, हेल्मेटच्या आत, कानालगत. खिशातला इशारा त्या वेगाच्या वाऱ्यात कानापर्यंत पोचण्याची खात्रीच नसते. बाहेर चिकटवलेल्या वस्तूचा धोका आणखी वेगळा. पॅराशूट उघडताना दोऱ्या झपाट्याने ताणल्या जातात आणि हेल्मेटवरच्या कुठल्याही उंचवट्यात एखादी अडकू शकते. नवख्यांना हेल्मेटवर कॅमेरा लावू देत नाहीत, त्यामागच्या कारणांमध्ये हेही एक आहे. म्हणून स्कायडायव्हिंगच्या चांगल्या हेल्मेटमध्ये कानाच्या पाळीजवळच अस्तरात कप्पा शिवलेला असतो. पूर्वी चामड्याच्या मऊ टोप्या वापरत, तेव्हाही हे यंत्र कानापाशीच खोचत असत.

कप्पा आहे म्हणून काम झालं, असंही नाही. यंत्राचा आवाज बाहेर पडतो ती जाळीची बाजू कानाकडे हवी. हवेचा दाब आत जायचं छिद्र फोमखाली दबता कामा नये. हेल्मेट डोक्यावर चढवून, पट्टा आवळून, मान जोरजोरात हलवून पाहावी. यंत्र सरकलं तर कप्पा सैल आहे. मग हेल्मेट न काढता चाचणीचा आवाज वाजवून बघावा. जमिनीवरच्या शांततेत तो कर्कश वाटतो. तो कमी करण्याचा मोह होतो, आणि तिथेच चूक होते, कारण वर गेल्यावर वारा त्याला सहज गिळतो.

उंची मोजणारं साधन अंगावर कुठेही असलं तरी आकडा तोच दाखवणार, असंही अनेकांना वाटतं. अल्टिमीटर काही जमिनीपर्यंतचं अंतर मोजत नाही. तो हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची काढतो. कयाधू नदीच्या धारेत मोठा दगड असला की त्याच्या पाठीमागे पाणी मंद, गोल फिरत राहतं. पडणाऱ्या माणसाच्या पाठीमागे हवेचंही तसंच होतं. तिथे दाब कमी, आणि कमी दाब म्हणजे यंत्राच्या लेखी जास्त उंची. माणूस पाठीवर उलटा झाला की छातीवरचा अल्टिमीटर नेमका या पोकळीत सापडतो आणि खऱ्यापेक्षा हजार फुटांपर्यंत जास्त उंची दाखवू शकतो. हजार फूट म्हणजे साडेपाच सेकंद, आणि चूक नेमकी वाईट बाजूला. डोकं खाली करून उडणाऱ्यांच्या शरीराभोवतीची हवा सतत बदलते, म्हणून त्यातले अनुभवी लोक दोन्ही कानांना एकेक ऑडिबल लावतात. हेल्मेटमध्येही फरक पडतो, पण कान झाकणाऱ्या कवचाआड वाऱ्याचा थेट मारा बसत नाही.

‘चालू केलं की जमिनीपासूनची उंची आपोआप कळते,’ हे अर्धंच खरं आहे. यंत्र शून्य धरतं ते विमान जिथून उडालं तिथल्या जमिनीला. समजा, नांदेड विमानतळावरून विमान उडालं आणि उतरायचं ठरलं डोंगरकड्याच्या शिवारात. दोन्ही ठिकाणांच्या उंचीतला फरक काढून यंत्रात भरावाच लागेल. उतरायची जागा 300 फूट उंच असेल आणि फरक भरला नसेल, तर 4,000 फुटांचा इशारा प्रत्यक्षात 3,700 फुटांवर वाजेल. कालापत्थरसारख्या ठिकाणी तर हा हिशेब चुकवण्याची सोयच नाही. हवामानही गणित बिघडवतं. सखल भागात दाब 10 हेक्टोपास्कलने बदलला तर उंचीचा आकडा पावणेतीनशे फुटांच्या आसपास हलतो, म्हणून दिवसभर उड्या असतील तर दर खेपेला शून्य तपासायचं.

आता त्या आवाजाबद्दल. बहुतेक ऑडिबलमध्ये मुक्त पतनासाठी तीन इशारे लावता येतात. उदाहरणार्थ, 5,000 फुटांवर सोबत्यांपासून दूर व्हा, 4,000 वर पॅराशूट उघडा आणि तिसरा त्याहून बराच खाली: अजूनही मोकळेच पडत असाल तर आता राखीव पॅराशूटच. हे आकडे उडी मारणारा स्वतः ठरवतो, यंत्राला त्यातलं काही कळत नाही. त्यामुळे ‘वाजलं की उघडायचं’ ही सवय घातक. पहिल्याच इशाऱ्याला कुणी घाईने पॅराशूट उघडलं तर वरून पडणारा सोबती त्यावर आदळू शकतो. आणि उलट, वाजलंच नाही तर? बॅटरी संपलेली असते, कडाक्याच्या थंडीत ती मंदावते, कधी यंत्र चालूच केलेलं नसतं. त्याहून विचित्र म्हणजे, ते नीट वाजतं आणि तरीही ऐकू येत नाही. अडचणीत सापडलेलं मन एकाच गोष्टीला इतकं चिकटतं की कानाशी वाजणारा इशाराही आत शिरत नाही.

अमेरिकेच्या पॅराशूट असोसिएशनचे नियम म्हणूनच शिकाऊ माणसाकडे डोळ्यांनी पाहता येणारा अल्टिमीटर असलाच पाहिजे, असं सांगतात. ऑडिबल त्याची जागा घेऊ शकत नाही. शिकतानाची पहिली सवय मनगटाकडे बघण्याची लागली पाहिजे. आधी कानाची सवय लागली तर डोळा आळशी होतो, आणि ही सवय मोडायला पुढे फार जड जातं.

शेवटचा घोटाळा दोन यंत्रांतला. पॅराशूट आपोआप उघडणारं साधन वेगळं असतं आणि ते हेल्मेटमध्ये नसून पाठीवरच्या पिशवीत असतं. जर्मनीच्या एअरटेक कंपनीचं सायप्रेस हे त्यातलं सर्वांत परिचित. ते 1991 मध्ये बाजारात आलं. अनुभवी लोकांसाठीचं सायप्रेस साधारण 750 फुटांवर, माणूस अजूनही सेकंदाला 35 मीटरच्या वर वेगाने पडत असेल, तरच राखीव पॅराशूटच्या पिशवीची दोरी कापतं. ऑडिबल काहीच कापत नाही, काहीच उघडत नाही. ते फक्त वाजतं, आणि तेही हेल्मेट डोक्यावर असेपर्यंतच. हेल्मेटचा पट्टा नीट बसला आहे ना, हे विमानाचं दार उघडण्याआधी सोबत्याकडून तपासून घ्यायच्या कारणांपैकी हे एक.