सगळं घासतंय

अटलांटिक ओलांडणाऱ्या शिडाच्या बोटीवर दिवस उजाडला की पहिलं काम म्हणजे मेलेले मासे वेचणं. उडणारे मासे रात्री अंधारात डेकवर येऊन आपटतात आणि उन्हं तापेपर्यंत पडून राहिले तर त्यांचे खवले असे चिकटतात की ब्रशलाही दाद देत नाहीत. दुसरं काम दोऱ्या तपासण्याचं. कप्तानापासून स्वयंपाक्यापर्यंत कोणीही ते चुकवत नाही.

कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाला जायचं म्हणजे सुमारे २,७०० सागरी मैल. चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबरअखेर सरतो, मग बोटी निघतात. आधी दक्षिणेकडे उतरायचं आणि ईशान्येचे व्यापारी वारे पाठीशी आले की पश्चिमेला वळायचं. कोलंबसाने १४९२ मध्ये हेच वारे धरले होते. ६ सप्टेंबरला त्याने ला गोमेरा सोडलं आणि जमीन दिसली १२ ऑक्टोबरला. आमची बोट बारा मीटरची, माणसं चार. चांगल्या दिवशी चोवीस तासांत १४०-१५० मैल व्हायचे. हा वेग ताशी अकरा किलोमीटरच्या आसपास येतो. सायकलवरून शाळेत जाणारं पोरही आम्हाला मागे टाकेल.

पाठीवर वारा म्हटलं की ऐकणाऱ्याला सुख वाटतं. प्रत्यक्षात वारा बाजूने असला की तो बोटीला एका अंगावर कलती दाबून धरतो, आणि कलतं का होईना, पण स्थिर जगता येतं. मागून आला की बोटीला धरून ठेवणारं कोणी उरत नाही. ती डावीकडे झुकते, उजवीकडे झुकते, दर काही सेकंदांनी, रात्रंदिवस. त्यामुळे बोटीवरची प्रत्येक गोष्ट शेजारच्या गोष्टीवर घासत राहते. डोलकाठीच्या टोकाशी शीड पेलणारी दोरी कप्पीवर एकाच जागी हजारो वेळा घासली, तर ती कितीही जाड असली तरी एके दिवशी तुटणारच. म्हणून रोज ती वीतभर सैल किंवा ताठ करायची, म्हणजे झीज नव्या जागी सरकते. जिथे दोरी कशाला टेकते तिथे चामड्याची पट्टी किंवा जुन्या रबरी नळीचा तुकडा गुंडाळायचा. वरचं टोक दुर्बिणीतून न्याहाळायचं. वादळाच्या गोष्टी पुस्तकांत शोभतात; आमची खरी लढाई या घासण्याशी होती.

झोपेचंही तेच. कागदावर हिशेब सोपा होता, तीन तास पहारा आणि नऊ तास सुट्टी. त्या नऊ तासांतून स्वयंपाक, शिडांची अदलाबदल आणि दुरुस्त्या वजा करा. उरलेल्या वेळात बिछान्याच्या कडेला बांधलेल्या कापडाला पाठ लावून पडायचं, आणि नेमकी तेव्हाच कुठल्यातरी कप्प्यात एक बाटली टक्-टक् करायला लागते. ती शोधून तिला मोजा घातल्याशिवाय डोळा लागत नाही. आमचे निम्मे मोजे असे बाटल्यांना आणि डब्यांना गेले.

पहाऱ्यावर दर दहा मिनिटांनी चहूकडे क्षितिज बघायचं. वीस नॉटने, म्हणजे ताशी वीस सागरी मैलांनी येणारं मालवाहू जहाज क्षितिजावर दिसल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत अंगावर येऊ शकतं. जहाजांचे संकेत पकडणारं यंत्र होतं, पण सगळा भार त्याच्यावर टाकणं कप्तानाला मंजूर नव्हतं. कंबरपट्ट्याचा हूक अडकवल्याखेरीज रात्री डेकवर पाऊल टाकायचं नाही, हा नियम मात्र कोणी आठवण न करता पाळला जाई. तारे एका बाजूने पुसले जाऊ लागले की पावसाची झोड येतेय हे ओळखायचं, आणि वारा अठराचा तीस नॉट होण्याआधी शीड कमी करायचं. भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवरून एकटे जगप्रदक्षिणा करून आले, हे आपण अभिमानाने सांगतो. पहाऱ्यावर बसल्यावर मला त्यातला ‘एकटे’ हा शब्द जड वाटू लागला. एकटा खलाशी झोप छोट्या तुकड्यांत घेतो, मधेमधे उठून समुद्र बघतो.

स्वयंपाकाचा स्टोव्ह झुलता असतो, तो बोटीबरोबर कलत नाही. आचारी मात्र कलतो, म्हणून त्याला पट्ट्याने बांधून घ्यावं लागतं. अंगात बर्म्युडा नाही, पावसाळी जाड विजार, कारण उकळतं पाणी कुठल्याही क्षणी मांडीवर येऊ शकतं. इथे कुकरला तोड नाही. शिटी करायची नसली तरी झाकण पक्कं बसतं, त्यामुळे कलंडला तरी खिचडी आत राहते. कांदे, कोबी, लिंबं शेवटपर्यंत टिकली. अंडी एक दिवसाआड उलटी करून ठेवायची. केळ्यांचा घड मात्र दगा देतो: सगळी केळी एकाच दिवशी पिकतात, मग न्याहारीला केळी, जेवणात केळी, रात्रीच्या पहाऱ्यालाही केळी. भांडी समुद्राच्या पाण्यात, शेवटचा हात फक्त गोड्या पाण्याचा. आंघोळही बादलीने, समुद्राच्याच पाण्याची. साध्या साबणाला फेस येत नाही, आणि मीठ पुसून काढलं नाही तर कपड्यांच्या शिवणींखाली कातडी सोलवटते.

पश्चिमेला सरकताना दर पंधरा अंशांना सूर्य एक तास उशिरा येतो. कॅनरी आणि सेंट लुशियाच्या घड्याळांत चार तासांचा फरक, म्हणजे प्रवासात चारदा काटा मागे न्यायचा आणि तो जादा तास कोणाच्या तरी पहाऱ्यात जाणार. वादळापेक्षा जास्त भांडणं यावरून झाली. पहिले तीन तास चिठ्ठ्या टाकून वाटले. चौथा कप्तानाने स्वतःच्या अंगावर घेतला, आणि बदल्यात त्या दिवशीची सगळी भांडी आमच्याकडे ढकलली.