केटीच्या आजीचा सराका

अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय कुटुंबे पूर्वजांचा शोध घेऊ लागली की बहुधा १८७० च्या जनगणनेपाशी अडतात. गुलामगिरी संपल्यानंतरची ही पहिली जनगणना. त्याआधी, १८५० आणि १८६० मध्ये, गुलामांच्या वेगळ्या याद्या होत. त्यांत मालकाचे नाव ठळक, खाली नुसते वय, लिंग आणि रंग. ज्याचे नावच लिहिले नाही, तो पणजोबा शोधायचा कुठे?

जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याजवळ सॅपेलो नावाचे बेट आहे. तिथल्या केटी ब्राउन यांच्याकडे १९३० च्या दशकात लोकांच्या आठवणी टिपणारी मंडळी गेली, तेव्हा त्यांनी पणजोबांचे नाव सांगितले: बिलाली. त्यांच्या मुलींची नावेही त्यांना तोंडपाठ होती. त्यांत एक फातिमा, एक मदिना. पणजोबा आणि त्यांची बायको फीबी सूर्य उगवताना, डोक्यावर आल्यावर आणि मावळताना छोट्या चटईवर गुडघे टेकत, लांब माळेचे मणी ओढत आणि आमीन म्हणत. केटींची आजी मार्गारेट म्हणजे बिलालींची लेक. डोक्यावरून पांढरे कापड घेऊन ते खांद्यांवर सैल सोडी. ओढणीच की ती!

वर्षातून एका ठरलेल्या दिवशी ही आजी तांदूळ धुऊन रात्रभर ओला ठेवी, उखळात कुटी, मध किंवा साखर घालून चपट्या वड्या थापी आणि सगळ्या मुलांना बोलावून हातावर एकेक ठेवी. त्या वडीला ती ‘सराका’ म्हणे. इतिहासकार सिल्वियान दिऊफ यांनी दाखवून दिले की हा शब्द म्हणजे आपला सदका. पुढच्या पिढ्या ख्रिस्ती झाल्या, शब्दाचा अर्थ विसरला; पण लेकरांना बोलावून वाटण्याची रीत टिकली. बिलालींच्या दुसऱ्या एका मुलीच्या घरी तर आधी आमीन म्हटले जाई आणि मगच मुले वडी खात.

बिलाली मूळचे पश्चिम आफ्रिकेतील फुता जालोनचे. बहामा बेटांवरून त्यांना थॉमस स्पॉल्डिंग या जमीनदाराच्या मळ्यावर आणले. तिथे ते मुकादम झाले. त्यांच्या हातची अरबी लिपीतली तेरा पाने मागे राहिली. कुणाला वाचता येईनात, म्हणून लोक त्यांना डायरी म्हणत. १९४० मध्ये भाषातज्ज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी ओळखले की यातला बराच मजकूर मालिकी फिकहच्या ‘रिसाला’ या ग्रंथातला आहे. वजू कसा करावा, अजान कशी द्यावी! मदरशात शिकलेला धडा परमुलखात आठवून आठवून लिहिलेला असावा, असे मला वाटते. स्वतःच्या हालअपेष्टांची कैफियत त्यात नाही.

ती पाने आज जॉर्जिया विद्यापीठाने जपली आहेत. सॅपेलोवर हॉग हॅमॉक नावाची छोटी वस्ती आहे, तिथे बिलालींचे वंशज अजून राहतात. त्यांच्यापैकी कॉर्नेलिया वॉकर बेली यांनी २००० साली बेटाच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. २०२३ मध्ये काउंटीने तिथल्या घरांच्या आकाराची मर्यादा दुपटीहून वाढवली. बाहेरचे श्रीमंत मोठी घरे बांधतील, कर वाढतील आणि आपल्याला जमीन विकून निघावे लागेल, अशी धास्ती तेव्हा या कुटुंबांना वाटली.