सातशे वर्षांपूर्वीची चाल आज कशी वाजवायची?

दोस्तांनो, समजा तुमच्या उमापुरात वरात निघालीय. हलगी कडाडतेय, पाय आपोआप उचलले जातायत. आता असं समजा, की आणखी ७०० वर्षांनी कुणाला तरी हाच नाच जसाच्या तसा करून बघायचाय. हलगीवाला नाही, नाचणारे नाहीत, मोबाईलमधलं चित्रीकरणही नाही. हातात आहे फक्त कागदाचा एक तुकडा आणि त्यावर लिहिलेले हलगीचे चार बोल. काय करेल बिचारा?

अगदी हेच कोडं युरोपातले काही वादक आणि नर्तक गेली शंभरएक वर्षं सोडवतायत.

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ‘राजाचं हस्तलिखित’ म्हणून ओळखली जाणारी एक पोथी आहे. तिच्यात तेराव्या शतकातली गाणी आहेत. पुढे कुणीतरी तिच्यातल्या मोकळ्या जागांवर नाचाच्या ११ चाली लिहून ठेवल्या. त्यांतल्या आठ चालींना ‘एस्टांपी’ म्हणतात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इटलीतली दुसरी एक पोथी आहे, १४०० सालच्या आसपासची. तिच्यात नाचाच्या १५ चाली सापडतात. त्यांतल्या ‘साल्तारेल्लो’ या नावातच उडी मारणं आहे, तर ‘त्रोत्तो’त घोड्याची दुडकी चाल!

पण गंमत पुढेच आहे. या पोथ्यांत चालीची फक्त एकच ओळ लिहिलीय. वाद्य कोणतं? लिहिलेलं नाही. लय किती? नाही. ताल कुणी धरायचा? नाही. आणि पावलं कशी टाकायची? त्याबद्दल तर एक अक्षरही नाही. का बरं? कारण तेव्हा ते सगळ्यांना येतच होतं. जे रोज डोळ्यांसमोर घडतं ते लिहून ठेवावं, असं कुणाला वाटतच नाही. आणि नेमकं तेच आधी हरवतं!

मग हे लोक काय करतात? गुप्तहेरासारखे पुरावे गोळा करतात.

पहिला पुरावा चालीतच असतो. एस्टांपीची प्रत्येक ओळ दोनदा वाजते. पहिल्यांदा तिचा शेवट अधांतरी राहतो, जणू प्रश्न विचारलाय. दुसऱ्यांदा तो घरी येऊन टेकतो, जणू उत्तर मिळालं. पुढच्या ओळींनाही बहुधा तेच दोन शेवट. हे गणित कळलं की चाल कुठे वळते आणि कुठे विसावते, ते उमगतं.

दुसरा पुरावा म्हणजे चित्रं. जुन्या चित्रांत वादक दिसतात. एका हाताने बासरी आणि दुसऱ्या हाताने ढोलकं वाजवणारा पठ्ठ्या दिसतो. कमरेला दोन छोटे नगारे बांधलेला वादक दिसतो. या नगाऱ्यांना इंग्रजीत ‘नेकर’ म्हणत. हा शब्द आला अरबी ‘नक्कारा’वरून, आपला नगाराही त्याच घरातला. आणि त्यांचं ‘शॉम’ हे वाद्य तर आपल्या सनईचं नातेवाईकच. तेव्हा गोंधळ्याचं जोडसंबळ आणि देवळातली सनई ज्यानं ऐकलीय, त्याला हे संगीत फार परकं वाटणार नाही.

तिसरा पुरावा थोडा उशिराचा. पंधराव्या शतकात इटलीत दोमेनिको दा प्याचेंझा नावाच्या नृत्यगुरूची शिकवण ग्रंथात उतरली. आता पावलंही कागदावर आली! ब्रुसेल्सला एक पोथी आहे. तिचा कागद काळा रंगवलेला आणि त्यावर सोन्याचांदीच्या शाईने लिहिलेलं. तिच्यात एकेका पावलासाठी एकेक अक्षर आहे. ‘र’ म्हणजे लवून अभिवादन, ‘स’ म्हणजे साधं पाऊल. आपले तबल्याचे बोल असतात ना, तसंच हे, फक्त पायांसाठी!

शेवटची परीक्षा मात्र नाचूनच होते. लय फार संथ धरली, तर उडी मारणारा हवेत किती वेळ थांबणार? फार जलद धरली, तर पायात पाय अडकतात. शरीरच सांगतं, की ‘इथे काहीतरी चुकतंय’. तरीही पूर्ण खात्री कधीच नसते. म्हणून एकच चाल दोन वाद्यवृंदांकडून ऐका, दोन वेगळी गाणी वाटतील.

यातला एक मोठा माणूस म्हणजे इंग्लंडचा डेव्हिड मन्रो. शाळा संपल्यावर तो दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात शिकवायला गेला. तिथली लोकवाद्यं त्याने ऐकली, काही बरोबर आणली आणि मग त्याला युरोपातल्या विसरलेल्या वाद्यांचं वेड लागलं. १९६७ साली त्याने जुनं संगीत वाजवणारा आपला वाद्यवृंद काढला. १९७६ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी तो गेला. पण तोवर त्या वाद्यांना त्याने हजारो श्रोते मिळवून दिले होते.

‘हे सगळं तिकडचं’ असं म्हणू नका हं! उमापूरहून गोदावरी ओलांडून उत्तरेकडे गेलात, की देवगिरीचा किल्ला लागतो. त्या पोथीत एस्टांपी लिहिल्या जाण्याच्याही आधी, यादव राजा सिंघण याच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, तिथे शार्ङ्गदेव नावाचे पंडित राहत. दरबारात हिशेबाचं काम बघत आणि संगीताचा अभ्यास करत. त्यांनी ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा संस्कृत ग्रंथ लिहिला. सहावा अध्याय वाद्यांचा, सातवा नृत्याचा. तालवाद्यांचे बोल त्यात आहेत, सा-रे-ग-म अक्षरांत बांधलेल्या चालीही आहेत. ‘गौंडली’ नावाच्या नाचाचं वर्णन आहे; अभ्यासक त्याचा संबंध आपल्या गोंधळाशी जोडतात. तिकडे पोथीत चाल आहे पण पावलं नाहीत. इकडे हातापायांच्या हालचालींचं इतकं बारीक वर्णन! तरी तो नाच नेमका कसा दिसत असेल, हे आज छातीठोकपणे सांगता येत नाही. कारण शब्दांना लय नसते.

आणि म्हणूनच एक काम तुमच्यावर सोपवतोय. तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या हलगीवाल्या किंवा संबळवाल्या काकांकडे जा. त्यांना विचारा, “काका, लग्नात कोणता ठेका? देवीपुढे कोणता? कुस्तीच्या फडात कोणता?” बोल वहीत उतरवून घ्या. त्यांची परवानगी घेऊन मोबाईलवर ध्वनिमुद्रणही करा. पण तेवढ्यावर थांबू नका. कोणत्या बोलावर कोणता पाय पडतो, लय कुठे वाढते, नाचणारे कुठे वळतात, हेही लिहा. काकांचं नाव, गाव आणि तारीख टाकायला विसरू नका.

त्या जुन्या लेखनिकाला पावलं लिहावीशी वाटली नाहीत, म्हणून शंभर वर्षं लोक डोकी खाजवतायत. आजी-आजोबांच्या तोंडून ‘पूर्वी अमुक ठेका वाजायचा’ असं तुम्ही ऐकलंच असेल. तो ठेका येणारी माणसं अजून आहेत. वही उघडा आणि या रविवारीच त्यांच्याकडे जा.