संकेश्वर : महामार्गावरचं नव्हे, मुक्कामाचं गाव

पुणे-बेंगळुरू महामार्गावरून जाणारे बहुतेक जण संकेश्वरला चहापुरते थांबतात. माझ्या मते इथे दोन दिवसांचा मुक्काम हवा. ग्वाटेमालात आतित्लान तळ्याकाठच्या गावांत लोक पाण्याइतकेच माया विणकर आणि त्यांचे बाजार पाहायला जातात. तशी पाणी आणि संस्कृतीची सांगड या परिसरातही आहे. हिरण्यकेशीकाठी शंकरलिंगाचं देऊळ आणि शंकराचार्यांचा मठ, जवळच वल्लभगड, हुक्केरीत आदिलशाही काळातले भव्य घुमट, आणि घटप्रभेवर हिडकल धरणाचा अथांग जलाशय. मराठी आणि कन्नड दोन्ही एकाच बाजारात ऐकू येतात, हे तर मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

कुणी म्हणेल, हिडकल हे सिंचनाचं धरण, आणि त्याच घटप्रभेवरचा गोकाकचा धबधबा उन्हाळ्यात आटतो. खरं आहे. पण सुमारे ५२ मीटरांवरून कोसळणारी घटप्रभा पावसाळ्यात पाहावी, आणि चांगला पाऊस झाला की हिवाळ्याच्या सुरुवातीला भरलेला जलाशय. धबधब्याशेजारची चालुक्य शैलीची देवळं तर बारमाही आहेत. सोयी कमी आहेत, हा आक्षेप मात्र रास्त. मुक्कामी माणसं वाढली तरच त्या वाढतील. जलाशयात उतरू नका, आणि परतताना गोकाकची करदंट ही मिठाई जरूर घ्या.