खेळायचं केंटकीत, कमवायचं बहामात

नाशिकहून एका आईचं पत्र आलंय, त्यापायी ट्रान्सफर पोर्टलवरचा लेख पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. मुलगी टेनिस खेळते, बारावीत आहे, अमेरिकेतल्या एक-दोन कोचशी ईमेल सुरू आहेत. कॉलेजला आपल्या खेळाडूंना थेट वाटता येणाऱ्या रकमेचा, मागच्या लेखातला वर्षाला 2 कोटी 5 लाख डॉलरचा आकडा वाचून बाईंनी आडपडदा न ठेवता विचारलंय, ‘यातलं आमच्या लेकीच्या वाट्याला काही येईल का हो?’

जवळजवळ नाहीच. पण का नाही, हे सांगायला एक अख्खा लेख पुरेल की नाही याची मला शंका आहे. माझा हा जुना लाडका विषय.

पहिलं कारण साधं आहे. कॉलेज-खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेवर खेळाडूंनी भरलेल्या हाऊस खटल्याच्या तडजोडीतून कॉलेजं जे वाटतात, त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉल नेतो, मग मुलांचा बास्केटबॉल. टेनिसपर्यंत पोचतात ते शिंतोडे. दुसरं कारण मात्र पासपोर्टात चिकटवलेलं असतं. एफ-1 व्हिसा म्हणजे काय, हे आपल्याकडे आता कुणाला समजावून सांगायला नको. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तास काम, आणि कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय शून्य. परदेशी खेळाडू बहुतेक याच व्हिसावर आलेले असतात. 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा विकायची मोकळीक मिळाली, ती एनसीएएच्या नियमपुस्तकात. इमिग्रेशनच्या नियमांत त्यासाठी काना-मात्राही हलला नाही. त्यामुळे संघातला अमेरिकन पोरगा मोटारीच्या शोरूमच्या जाहिरातीत हसत उभा राहतो, आणि शेजारच्या लॉकरवाला परदेशी पोरगा तेच करायला गेला तर ते विनापरवाना काम ठरून त्याचा व्हिसाच धोक्यात येऊ शकतो.

यावर केंटकी विद्यापीठाने काढलेली पळवाट मला फार आवडते. ऑस्कर शिबवे हा काँगोतल्या लुबुम्बाशीचा, रिबाउंड खेचण्यात वस्ताद, 2022 साली कॉलेज बास्केटबॉलमधला सर्वोत्तम खेळाडू. त्या ऑगस्टमध्ये केंटकीचा संघ प्रदर्शनीय सामने खेळायला बहामाला गेला. परदेश दौऱ्यात सामन्यांच्या मधे फिरणं, पोहणं व्हायचं. शिबवेने तो वेळ फोटो काढून घेण्यात, व्हिडिओ करण्यात, सह्या ठोकण्यात घालवला. काम अमेरिकेच्या भूमीवर झालंच नाही, मग व्हिसा मोडला कुठे? ज्या नावाला किंमत केंटकीत आली, ते विकायला समुद्र ओलांडावा लागला. पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक ईडी कॅनडाचा, सव्वासात फुटांहून उंच, 2023 आणि 2024 असा लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्तम. त्यालाही अमेरिकन पोरांसारखी कमाई खुली नव्हती.

वकील मंडळींनी आणखी एक फट शोधली आहे. नुसता परवाना देऊन घरबसल्या मिळणारी रॉयल्टी हे ‘काम’ नव्हे, म्हणून टी-शर्टवर नाव छापू द्यायला हरकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. पण त्या टी-शर्टची इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकली की? इथे दोन वकिलांची तीन मतं पडतात. कॉलेज थेट देतं त्या पैशांचंही तेच. सरकारने एकदाचं ‘नाही’ म्हटलं असतं तरी पत्करलं असतं. हे मौन जास्त छळतं, कारण चूक ठरली तर विद्यापीठ दंड भरून मोकळं होईल, विमानात बसेल तो विद्यार्थी.

आता खरी मेख. डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉलपटूंनी 5 मार्च 2024 ला 13 विरुद्ध 2 मतांनी युनियन करायचं ठरवलं होतं, आठवतं? वर्षअखेरीस त्यांनी अर्ज मागे घेतला, पण खेळाडू हा कर्मचारी आहे का, हा प्रश्न मिटलेला नाही. एनसीएए कित्येक दशकं घसा कोरडा करून सांगतेय, हे विद्यार्थी आहेत, कामगार नव्हेत. अमेरिकन खेळाडूच्या पगाराआड येणारा हा दावा परदेशी खेळाडूला मात्र आडोसा देतो. कर्मचारी ठरला की त्याचा प्रत्येक सराव कामाच्या तासांत मोजायची वेळ येईल.

आणि हे तास कसे मोजतात बघा. हंगामात आठवड्याला 20 तासांहून जास्त सराव नको, असा एनसीएएचा नियम. एफ-1 चे कॅम्पसवरचे तासही नेमके 20. दोन्ही आकडे जुळले म्हणून हुरळून जाऊ नका. एनसीएएच्या हिशेबात सामना कितीही लांबला तरी तो तीनच तासांचा, प्रवास धरतच नाहीत, फिजिओच्या टेबलावरचा वेळही नाही. इमिग्रेशनचा अधिकारी असं गणित चालवून घेईल असं मला तरी वाटत नाही. शिवाय मग लायब्ररीतली तासांवरची नोकरी गेलीच.

टेनिसवाल्यांचं आणखी एक वेगळं दुखणं आहे, बक्षिसाची रक्कम. 2024 च्या अमेरिकन ओपनमध्ये ऑस्ट्रेलियाची माया जॉइंट दुसऱ्या फेरीत पोचली. त्या फेरीचे 1 लाख 40 हजार डॉलर. टेक्सस विद्यापीठात खेळायचं ठरलेलं, त्यामुळे तेव्हाच्या नियमाने 10 हजार आणि खर्चापुरती रक्कम ठेवून बाकीवर पाणी सोडावं लागलं. वर्ष संपता संपता तिने कॉलेज सोडून व्यावसायिक व्हायचं ठरवलं. मी तिला अजिबात दोष देत नाही.

तर नाशिककर बाई, पगाराचं डोक्यातून काढा, शिष्यवृत्तीचं बघा. सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून 2007 आणि 2008 चा एनसीएए विजेता झाला, पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला. ती वाट अजून आहे. तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांत मुलींच्या टेनिसला पूर्वी आठ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, तिथे आता दहा जणींचा संघ आणि दहाही जणींना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. ‘येते’, ‘देतात’ नव्हे. कोचला हे लेखी विचारा. आणि लेकीने स्पर्धांत काही जिंकलं असेल तर प्रवास, हॉटेल, कोचची फी यांच्या पावत्या आजपासून फाइलला लावा.

‘पूर्ण’ शिष्यवृत्तीतही फीवर कर नाही, पण राहण्या-जेवणाच्या रकमेवर परदेशी विद्यार्थ्याचा 14 टक्के कर कापला जातो. भारत-अमेरिका करारामुळे आपल्या मुलांना रिटर्न भरताना प्रमाणित वजावट मिळते, जी बहुतेक देशांच्या मुलांना मिळत नाही. कॉलेजातला माणूस हे आपणहून सांगेलच असं नाही, विचारावं लागेल.