शुश्रूषेचे स्थलांतर

कर्करोगाच्या उपचारांचा इतिहास लिहिणारे शस्त्रक्रियेची, किरणांची आणि औषधांची हकिकत मोठ्या तपशिलाने सांगतात. परंतु रोग्याच्या खाटेशेजारी स्टुलावर बसलेल्या माणसाची हकिकत त्या इतिहासात क्वचितच येते, आणि आली तरी ती त्याच्या धीराची किंवा मायेची म्हणून येते, कामाची म्हणून येत नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आक्काच्या, स्तनाच्या कर्करोगावर उपचार चालू असताना ते स्टूल जवळजवळ वर्षभर माझ्या ताब्यात होते. आणि महसूल खात्यात हयात घालवलेल्या माणसाला जी खोड जडते तिला अनुसरून, हे काम मूळचे कोणाच्या दप्तरचे आणि ते कोणत्या हुकमाने माझ्याकडे वर्ग झाले, याचा शोध मी तेव्हापासून घेत आलो आहे.

लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या आणि पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यानंतर त्यांच्या नावच्या न्यासाने परळ येथे उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, तेव्हा त्यात ८० खाटा होत्या. त्या काळी अशा रुग्णालयात आलेला रोगी बहुधा दाखल करून घेतला जाई, आणि मलमपट्टी, तापाची नोंद, पथ्याचे खाणे हे सारे परिचारिकांच्या हाती असे. सोबत आलेल्याने भेटीच्या वेळी हजर राहावे, पैशांची तजवीज करावी, आणि डॉक्टरांनी ओसरीत बाजूला घेऊन सांगितलेले रोगाचे नाव रोग्याच्या कानावर पडू देऊ नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. हे शेवटचे काम हलके नव्हते. गाठ साधी आहे असे रोग्याला सांगावयाचे आणि रोग्यानेही कळून न कळल्यासारखे करावयाचे, हा व्यवहार कित्येक घरांत शेवटच्या दिवसापर्यंत चाले. बाहेरगावच्या सोबत्याचा खरा प्रश्न निवाऱ्याचा होता. गाडगे महाराजांच्या मिशनची दादरची धर्मशाळा काय किंवा १९६८ साली स्थापन झालेली परळची नाना पालकर स्मृती समिती काय, रोग्याबरोबर येणाऱ्यालाही जेवावे आणि झोपावे लागते ही साधी गोष्ट ज्यांच्या ध्यानात आली, त्यांचे ऋण महाराष्ट्राने पुरेसे मानलेले नाही, असे मला वाटते.

पुढे औषधांनी वाट बदलली. इटलीतील मिलान येथे जियानी बोनाडोना यांनी १९७६ साली स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर तीन औषधे एकत्र देण्याच्या पद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या तिहींपैकी एक गोळीच्या रूपाने घरी घ्यावयाची होती. १९९० च्या दशकाच्या आरंभी ओकाऱ्या आटोक्यात ठेवणारे ऑन्डान्सेट्रॉन आले, रक्तातील पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने आली, आणि ज्या डोसासाठी रोग्याला रात्री रुग्णालयात काढाव्या लागत, तो सकाळी खुर्चीत बसून घ्यावा आणि संध्याकाळी एस.टी. धरावी अशी सोय झाली. सोय खरीच, घरचे अंथरूण कोणाला नको असते? परंतु त्या खाटेभोवतीचे काम नाहीसे झाले नव्हते. ते रोग्याबरोबर त्याच एस.टी.त बसून साताऱ्याला आले.

आक्काची शस्त्रक्रिया मुंबईत झाली आणि ड्रेनची नळी काखेखाली तशीच ठेवून तिला घरी सोडण्यात आले. त्या नळीच्या टोकाला दाबलेली प्लास्टिकची बाटली. रोज सकाळी ठरल्या वेळी नळी वरून खाली चिमटीत धरून दाबीत आणावयाची, म्हणजे आत गुठळी अडकत नाही, बाटली मापाच्या पेल्यात रिकामी करावयाची, किती मिलिलिटर आणि कोणत्या रंगाचे ते लिहावयाचे, आणि बाटली पुन्हा दाबून, हवा काढून, बूच लावावयाचे. हे मला एका परिचारिकेने दोन खाटांच्या मधल्या जागेत उभ्या उभ्या दाखवले होते. पहिल्या दिवसांचा लालपणा उतरून पाणी पिवळसर होत गेले. सलग दोन दिवस तीस मिलिलिटरच्या आत आले की नळी काढता येईल असे सांगितले होते, आणि त्या आकड्याची वाट आम्ही जितक्या उत्कंठेने पाहिली तितकी मी माझ्या बढतीच्या हुकमाचीही पाहिली नव्हती. माझ्या पत्नीने जुन्या साडीच्या काठाची खांद्याला अडकवण्याची पिशवी शिवली, तीत बाटली ठेवून आक्का अंगणात फिरे. नोंदवही मी तहसिलीतल्या रिवाजाप्रमाणे रकाने आखून ठेवली होती. आक्काने सदतीस वर्षे शिक्षिकेची नोकरी केलेली, तिने ती दुसऱ्याच दिवशी मागून घेतली आणि ‘स्राव पिवळसर’ यातील माझा चुकलेला ‘स्त्राव’ लाल शाईने दुरुस्त करून दिला.

मग दर तीन आठवड्यांनी केमोचा डोस. त्यातल्या एका लाल औषधाने एक-दोन दिवस लघवी लालसर होते, हे आधी ठाऊक नसते तर आमची गाळण उडाली असती. पण डोसाच्या दिवसापेक्षा दुसरा आठवडा अवघड. तेव्हा काउंट खाली येतात, आणि ताप १००.४ अंशांवर गेला तर रात्र असो की सण असो, थेट रुग्णालय गाठावे लागते. उशाशी थर्मामीटर, बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये इंजेक्शन, ते द्यायला येणारा आळीतला कंपाउंडर, आणि तिच्या तोंडाला तेवढाच गोड लागणारा मेतकूट-भात. याखेरीज एक काम असे होते की ज्याची शिकवण कोणत्याही परिचारिकेने दिली नव्हती: बघायला येणाऱ्यांना उंबऱ्यावर थोपवणे. आक्काचे विद्यार्थी साऱ्या जिल्ह्यात पसरलेले. ते केळी, नारळ आणि क्वचित सर्दीही घेऊन येत. “बाई आता झोपल्यात” असे मी म्हणावे आणि आतून आक्काने “कोण रे ते? शिंद्यांचा का?” असे खणखणीत विचारावे, हा प्रसंग इतक्यांदा घडला की माझ्या शब्दाला त्या आळीत काही किंमत उरली नाही.

उरलेले काम कागदांचे. फाईल, रिपोर्टांच्या नकला, शिधापत्रिका, योजनेच्या मंजुरीचा अर्ज, रेल्वेच्या सवलतीचा दाखला. ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ हा प्रश्न प्रत्येक खिडकीवर होतो आणि त्याला उत्तर देणारा कोणी असेल, हे व्यवस्थेने पूर्वीच गृहीत धरलेले असते. एका कार्यालयाने तीच नक्कल तिसऱ्यांदा मागितली तेव्हा मला संताप आला खरा. मात्र अशा वेळी कोणत्या टेबलावर जावे हे मला कळत होते. ज्याला ते कळत नाही, जो शेतातली कापणी टाकून आलेला असतो आणि ज्याचा रोज बुडतो, त्याचे काय होत असेल याचा विचार मला किरणांच्या शेकांच्या दिवसांत दादरच्या धर्मशाळेत राहत असताना फार येई. तिथे रात्री सोबती लोक एकमेकांना जे शिकवीत, म्हणजे कोणती खिडकी किती वाजता उघडते, तोंड आले तर काय द्यावे, शेकलेल्या कातडीला साबण लावू नये, शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हाताला सुई टोचू देऊ नये, ते ज्ञान अस्सल होते. पण ते रुग्णालयाने लेखी, मराठीत, सुट्टीच्या कागदाबरोबर दिले पाहिजे. काम घरी पाठवावयाचे तर ते करणाऱ्याला शिकवणे, ही मेहेरबानी नव्हे.

रोगाचे नाव लपवण्याची जुनी रीत आमच्या घरात पहिल्याच दिवशी मोडली. डॉक्टर माझ्याकडे वळून बोलू लागले तेव्हा आक्का म्हणाली, “गाठ माझी आहे, माझ्याशी बोला.” माझ्या डोक्यावरचे ओझे त्या एका वाक्याने इतके हलके झाले की पुढचे नळ्या-बाटल्यांचे काम मी त्यापुढे किरकोळच समजलो.

आता पाच वर्षांची गोळी चालू आहे, आणि सहा महिन्यांनी तपासणी. या खेपेस आक्काने मला सोबत नेण्यास साफ नकार दिला. मुंबईत एक विद्यार्थिनी आहे, तिच्याकडे उतरेन म्हणाली. फाईल तेवढी तारीखवार लावून मागितली, आणि ती लावून दिल्यावर मागच्या वर्षीचा एक रिपोर्ट चुकीच्या जागी आहे, हेही दाखवून दिले.