औंधचा काटकसरी कारभार

सातारा-सांगलीच्या दुष्काळी मुलखात विखुरलेल्या ७२ गावांच्या औंध संस्थानात, १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी स्वेच्छेने राजसत्ता प्रजेच्या स्वाधीन केली, तेव्हा ज्या कज्ज्यासाठी कुळाला भाकरी बांधून कचेरीचे हेलपाटे घालावे लागत, तो गावच्या पंचांसमोरच निकालात निघू लागला. आणि माझ्या मते खरी काटकसर ती हीच, कारण सरकारी जमाखर्चात रयतेची बुडालेली मजुरी कधीच मांडली जात नाही.

पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने आटपाडीजवळ वसलेल्या स्वतंत्रपूर या कैद्यांच्या खुल्या वसाहतीत तर तट नाही, बेड्या नाहीत. ज्याला कोंडून पोसण्याचा भार खजिन्यावर पडावयाचा, तोच बंदी तेथे बायकामुलांसह राहून, मोट हाकून, स्वतःचे धान्य स्वतः पिकवू लागला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. स्वतंत्रपूर मात्र आजही नांदते आहे.